कोयना-वारणा खोऱ्यातली घड्याळे आणि सर्व्हरची वेळ

भूकंपाचे ठिकाण कोणतेही यंत्र थेट मोजत नाही. जमीन कोणत्या क्षणी, किती आणि कोणत्या दिशेने हलली, एवढेच भूकंपमापक नोंदवतो. एकाच हादऱ्याचे तरंग वेगवेगळ्या केंद्रांवर वेगवेगळ्या क्षणी पोहोचतात आणि या क्षणांमधल्या फरकावरून हादऱ्याची नाभी काढली जाते. कठीण खडकातून सर्वांत वेगाने धावणारे पी तरंग सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर अंतर कापतात. एखाद्या केंद्राचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने चुकले, तर त्या केंद्राचा हिशेब सहाशे मीटरने चुकतो. पूर्ण सेकंदाने चुकले, तर सहा किलोमीटरने.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम टोकाला या आकड्यांना फार महत्त्व आहे. कोयना धरणात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागले आणि त्यानंतर परिसरात हादरे जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात सुमारे दोनशे माणसे दगावली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरणाच्या जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांत हा जगातला सर्वांत मोठा मानला जातो. पुढे शिराळा तालुक्याच्या सीमेवर चांदोली येथे वारणा धरण झाले, आणि १९९३ पासून हादऱ्यांचा जोर दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला सरकलेला दिसला. हे सगळे हादरे साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढ्याच पट्ट्यात होतात. इतक्या लहान पट्ट्यात सहा किलोमीटरची चूक झाली, तर हादरा एका भ्रंशावरून उचलून दुसऱ्याच भ्रंशावर मांडल्यासारखे होते.

एका जाळ्यातली अनेक घड्याळे

खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने १९६० च्या दशकातच कोयना परिसरात भूकंपमापक बसवले. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थाही या भागात वेधशाळा चालवते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने २००५ पासून येथे डिजिटल भूकंपमापकांचे दाट जाळे उभे केले. नंतर त्यात कोयनानगरजवळच्या रासाटीसारख्या ठिकाणी सुमारे दीड किलोमीटर खोल विंधनविवरांत बसवलेल्या मापकांची भर पडली. कराडजवळ केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची विंधनविवर भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. तिच्या प्रकल्पात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर २०१७ मध्ये पूर्ण झाले.

जुन्या यंत्रांत कागद गुंडाळलेला दंडगोल सावकाश फिरत असे. सुई त्यावर रेघ ओढी आणि घड्याळ दर मिनिटाला त्या रेघेत एक खूण करी. ते घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे हे रेडिओवरच्या वेळेच्या संकेताशी ताडून वहीत लिहिले जाई. आजच्या केंद्रात रेघेच्या जागी आकडे आले आहेत. मापकाचा संकेत सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक वेळा मोजला जातो, आकड्यांच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का बसतो आणि तुकडे केंद्रीय सर्व्हरकडे जातात. तिथे अनेक सर्व्हर मिळून एकाच कामाचा भार वाहतात. अशा गटाला क्लस्टर म्हणतात. कुणी माहिती गोळा करतो, कुणी हादरे ओळखतो, कुणी साठवण सांभाळतो. डोंगरातल्या प्रत्येक केंद्राचे घड्याळ वेगळे, तसे क्लस्टरमधल्या प्रत्येक सर्व्हरचेही वेगळे. ही सारी घड्याळे एका वेळेवर ठेवणे हे न संपणारे काम आहे.

घड्याळ चुकते कशाने

संगणक असो की भूकंपनोंदणी यंत्र, दोन्हींच्या आत क्वार्ट्झचा लहानसा स्फटिक कंप पावत असतो आणि त्याची कंपने मोजून वेळ पुढे नेली जाते. कंपनांचा वेग ठरल्यापेक्षा किंचित कमीजास्त असतोच. दहा लाखांत वीस भागांची चूक ही साध्या स्फटिकाच्या बाबतीत नेहमीची गोष्ट आहे. तेवढ्यानेच दिवसाला पावणेदोन सेकंदांचा आणि महिन्याला सुमारे बावन्न सेकंदांचा फरक पडतो. तापमानाचा परिणाम आपोआप भरून काढणारे चांगले स्फटिक दहा लाखांत एका भागापर्यंत अचूक राहतात. त्यांचाही फरक दिवसाला सेकंदाच्या नऊ शतांशांजवळ जातो.

तापमान बदलले की कंपनांचा वेग बदलतो. मनगटी घड्याळात आणि संगणकाच्या बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळात जो सेकंदाला ३२,७६८ कंपनांचा स्फटिक असतो, तो २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत नीट चालतो आणि त्याहून थंडीत किंवा उन्हात मागे पडतो. स्फटिक वर्षानुवर्षे जुना होतो तसाही त्याचा वेग सरकतो. म्हणून घड्याळ एकदा लावून मोकळे होता येत नाही. त्याला बाहेरच्या भरवशाच्या वेळेशी सतत ताडावे लागते.

डोंगरात जीपीएस, सर्व्हरकडे एनटीपी

भूकंपकेंद्राला ही वेळ जीपीएस उपग्रहांकडून मिळते. उपग्रहांवर अणुघड्याळे असतात आणि चांगला जीपीएस ग्राहक त्यांच्या संकेतावरून दर सेकंदाला एक ठोका देतो, ज्याची चूक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असते. नोंदणी यंत्र आपल्या स्फटिकाची गती या ठोक्याशी जुळवत राहते. अडचण अँटेनाची. तिला मोकळे आकाश लागते. सह्याद्रीच्या दाट जंगलात, दरीच्या कुशीत किंवा पावसाळ्यात वाढलेल्या झाडोऱ्याखाली उपग्रह कमी दिसतात. वीज पडून अँटेना जळते, जोडणीत पाणी शिरते, उंदीर केबल कुरतडतात. उपग्रहाचा संपर्क तुटला की यंत्र बंद पडत नाही, आपल्या स्फटिकाच्या भरवशावर वेळ पुढे नेत राहते. म्हणूनच ही चूक लवकर ध्यानात येत नाही. खोल विवरातल्या मापकाची गोष्ट निराळी. उपग्रहाचा संकेत खडकातून खाली पोहोचत नाही, त्यामुळे घड्याळ जमिनीवरच ठेवून वर-खाली केबलने जोडावे लागते.

प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र जीपीएस अँटेना लावणे सोयीचे नसते. तिथे एनटीपी ही पद्धत चालते. अमेरिकी संगणकतज्ज्ञ डेव्हिड मिल्स यांनी ती घडवली आणि १९८५ मध्ये तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. अणुघड्याळ किंवा जीपीएसला थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या पायरीवर असतो. त्याला विचारून वेळ लावणारे दुसऱ्या पायरीवर, त्यांना विचारणारे तिसऱ्या.

वेळ विचारण्याची युक्ती एका उदाहरणातून नीट कळते. समजा, एका सर्व्हरने आपल्या घड्याळात बरोबर दहा वाजता प्रश्न पाठवला. वेळ देणाऱ्या सर्व्हरला तो त्याच्या घड्याळाप्रमाणे दहा वाजून १४० मिलिसेकंदांनी मिळाला आणि १४१ व्या मिलिसेकंदाला त्याने उत्तर पाठवले. विचारणाऱ्याला उत्तर त्याच्या घड्याळात दहा वाजून ४१ मिलिसेकंदांनी मिळाले. प्रश्न जातानाचा फरक १४० मिलिसेकंद, उत्तर येतानाचा फरक १४१ वजा ४१, म्हणजे १००. दोन्हींची सरासरी १२०. म्हणजे विचारणाऱ्याचे घड्याळ १२० मिलिसेकंद मागे आहे आणि ये-जा करण्यात एकूण ४० मिलिसेकंद गेले. वाटेत लागलेला वेळ अशा रीतीने हिशेबातून गळून पडतो.

या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, असे त्यात धरलेले असते. जायला तीस आणि यायला दहा मिलिसेकंद लागले, तर दोहोंच्या फरकाच्या निम्मी, म्हणजे दहा मिलिसेकंदांची चूक हिशेबात शिरते आणि उत्तर पाहून ती कळत नाही. दुर्गम केंद्र उपग्रहमार्गे जोडलेले असेल, तर ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहामार्गे प्रश्न-उत्तराला अर्धा सेकंद लागतो आणि त्यात चढउतार होतात. अशा केंद्राने वेळ जागेवरच्या जीपीएसकडून घ्यावी, दूरच्या सर्व्हरकडून नव्हे.

चूक ओळखायची कशी

भूकंपशास्त्रात घड्याळाची चूक पकडण्याची एक सुंदर रीत आहे. पी तरंगांमागून हळू धावणारे एस तरंग येतात. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांच्यातल्या वेळेवरून वीज किती दूर पडली हे जसे कळते, तसेच पी आणि एस यांच्यातल्या वेळेवरून हादऱ्याचे अंतर कळते. एका सेकंदाला साधारण आठ किलोमीटर. हा फरक एकाच घड्याळावर मोजलेला असतो. घड्याळ पुढे असो वा मागे, फरक तोच राहतो. जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियो वादाती यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आलेखात एका अक्षावर पी तरंग पोहोचल्याची वेळ आणि दुसऱ्यावर पी-एस फरक मांडतात. सगळी घड्याळे बरोबर असतील, तर सर्व केंद्रांचे बिंदू एका सरळ रेषेवर येतात. ज्याचे घड्याळ बिघडले त्या केंद्राचा बिंदू रेषेबाहेर जातो. एका हादऱ्यात असे झाले तर ती वाचनाची चूक असू शकते. हादऱ्यामागून हादरे तोच बिंदू तेवढाच बाहेर पडत असेल, तर घड्याळच तपासावे लागते.

सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये चूक निराळ्या रूपात समोर येते. दोन सर्व्हरांचे लॉग एकत्र लावले, तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर दिसतो. सेफसारखी साठवण व्यवस्था आपल्या देखरेख सर्व्हरांमध्ये सेकंदाच्या विसाव्या भागाहून अधिक फरक दिसताच इशारा देते. कर्बेरॉस या ओळख पडताळण्याच्या पद्धतीत फरक पाच मिनिटांपलीकडे गेला की बरोबर पासवर्ड देऊनही प्रवेश नाकारला जातो. शेवटची नोंद तीच खरी, असे मानणाऱ्या डेटाबेसमध्ये तर पुढे धावणाऱ्या सर्व्हरची जुनी नोंद दुसऱ्याच्या नव्या नोंदीवर मात करते आणि माहिती मुकाट्याने हरवते.

चुकीचा आकडा नीट पाहिला तर कारण बहुतेक वेळा तोच सांगतो. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर घड्याळ बिघडलेले नाही. कुणीतरी भारतीय प्रमाणवेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांची गल्लत केली आहे. १९६७ चा कोयना भूकंप जागतिक सूच्यांमध्ये १० डिसेंबरला २२ वाजून ५१ मिनिटांनी नोंदलेला आढळतो, आणि दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. फरक अठरा सेकंदांचा असेल, तर जीपीएसची स्वतःची वेळ जागतिक वेळ म्हणून वापरली गेली. जागतिक वेळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळती ठेवण्यासाठी अधूनमधून मिळवला जाणारा लीप सेकंद जीपीएसच्या वेळेत धरत नाहीत, म्हणून २०१७ पासून ती अठरा सेकंद पुढे आहे. बरोबर एका सेकंदाचा फरक लीप सेकंद चुकल्याकडे बोट दाखवतो. तारीख जवळपास वीस वर्षे मागे गेली असेल, तर जुन्या ग्राहकाच्या आठवडे मोजण्याच्या मर्यादेकडे पाहावे. हा आकडा १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो आणि एप्रिल २०१९ मध्ये तो असाच शून्यावर आला होता. सावकाश आणि एका चालीने वाढणारा फरक म्हणजे स्फटिकाची ओढ आणि तुटलेला संपर्क.

दुरुस्तीचा क्रम

पहिले काम पुरावा जपण्याचे. कोणते घड्याळ, कोणत्या क्षणी, किती चुकलेले होते हे लिहून ठेवल्याशिवाय त्याला हात लावू नये. घड्याळ आधी जुळवून टाकले, की मागच्या नोंदी किती दुरुस्त करायच्या हे सांगणारा एकमेव आकडा पुसला जातो.

दुसरे काम कारण दूर करण्याचे. डोंगरातल्या केंद्रावर अँटेना, केबल आणि जोडण्या तपासतात. सर्व्हरवर नेहमीची कारणे ठरलेली आहेत. फायरवॉलने १२३ क्रमांकाचे पोर्ट बंद केलेले असते आणि एनटीपीचा प्रश्न बाहेरच जात नाही. एकाच यंत्रावर वेळ जुळवणारे दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या विरोधात ओढाताण करत असतात. आभासी सर्व्हर काही काळ थांबवून पुन्हा चालू केल्यावर जुन्या वेळेत जागा होतो. मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते आणि प्रत्येक वेळी सुरू होताना यंत्र भलत्याच तारखेला उठते.

तिसरे काम वेळेच्या स्रोतांचे. एकच स्रोत असेल, तर तो चुकल्याचे कळणारच नाही. दोन असतील, तर चुकले कोण हे ठरत नाही. खोटे बोलणारा एक स्रोत खात्रीने बाजूला काढायचा, तर किमान चार स्रोत असावेत असा जाणकारांचा सल्ला आहे. क्लस्टरमधले दोन-तीन सर्व्हर बाहेरून वेळ घेतात, बाकीचे त्यांच्याकडून. या बाकीच्या सर्वांच्या स्रोतांची यादी एकसारखी असावी. भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचे काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार देशातल्या सेवा पुरवठादारांनी, डेटा सेंटरांनी, कंपन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनी आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा त्यांच्याशी जुळलेल्या एनटीपी सर्व्हरशी जोडायची आहेत.

चौथे काम प्रत्यक्ष वेळ जुळवण्याचे, आणि इथे घाई नडते. घड्याळ एका झटक्यात मागे नेले, तर काही क्षण दोनदा येतात आणि नोंदींचा क्रम उलटतो. म्हणून लहान फरक असेल तर घड्याळाची गती किंचित कमीजास्त करून ते हळूहळू वेळेवर आणतात. एनटीपीच्या मूळ प्रोग्रॅममध्ये या गतीबदलाची मर्यादा दहा लाखांत पाचशे भाग आहे. या चालीने एका सेकंदाची चूक भरून यायला सुमारे तेहतीस मिनिटे लागतात. १२८ मिलिसेकंदांहून मोठा फरक टिकून राहिला, तर तो प्रोग्रॅम घड्याळ उडी मारून लावतो आणि फरक हजार सेकंदांपलीकडे असेल, तर स्वतःच काम थांबवतो. एवढ्या मोठ्या चुकीचा निर्णय माणसाने घ्यावा असा त्यामागचा विचार आहे. क्रोनी हा अलीकडचा प्रोग्रॅम यंत्र सुरू होतानाच्या पहिल्या काही जुळवण्यांतच उडी मारू द्यायची आणि पुढे नाही, अशी सोय देतो. मोठी उडी अटळ असेल, तर डेटाबेस थांबवून, एकेक सर्व्हर क्लस्टरबाहेर काढून, वेळ लावून मग पुन्हा आत घ्यावा.

पाचवे काम मागच्या नोंदींचे. समजा, एका केंद्राचा उपग्रहाशी संपर्क १ जुलैच्या दुपारी तुटला आणि ११ जुलैच्या दुपारी पुन्हा जुळला तेव्हा घड्याळ ०.८६ सेकंद मागे आढळले. दहा दिवसांत ०.८६, म्हणजे दिवसाला ०.०८६. तर ६ जुलैच्या दुपारच्या हादऱ्याच्या वेळेत ०.४३ सेकंद मिळवावे लागतील. ही दुरुस्ती केली नसती, तर त्या केंद्राच्या हिशेबात अडीच किलोमीटरची चूक राहिली असती. दरम्यान तापमान बदललेले असते, त्यामुळे घड्याळ रोज सारखेच मागे पडले असेल असे नाही. म्हणून दुरुस्तीसोबत तिच्यातली अनिश्चितताही लिहून ठेवतात. मूळ नोंद कधीही खोडत नाहीत, दुरुस्ती शेजारी नोंदवतात. सर्व्हरच्या लॉगलाही हाच नियम लागू आहे.

घड्याळावर किती विसंबावे

सर्व उपाय करूनही दोन घड्याळे तंतोतंत एक होत नाहीत. एका सर्व्हरवर काम किती वेळ चालले हे मोजायचे असेल, तर भिंतीवरच्या घड्याळासारखी पुढेमागे लावली जाणारी वेळ न घेता यंत्र सुरू झाल्यापासून केवळ पुढेच जाणारी मोजणी घ्यावी. दोन सर्व्हरांवरच्या घटनांपैकी आधीची कोणती हे ठरवायचे असेल, तर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवलेला मार्ग आहे. प्रत्येक संदेशासोबत चढता क्रमांक पाठवायचा आणि संदेश मिळणाऱ्याने त्याहून मोठा क्रमांक घ्यायचा. अशा रीतीने कारण आणि परिणाम यांचा क्रम घड्याळाशिवायही राखला जातो.

जमीन हलण्याचा क्षण मात्र क्रमांकाने सांगता येत नाही. तिथे खरी वेळच हवी, आणि ती किती खरी आहे हेही माहीत हवे. म्हणून भूकंपाच्या माहितीत प्रत्येक तुकड्यासोबत घड्याळाची स्थिती साठवली जाते: उपग्रहाशी संपर्क होता की नव्हता, शेवटचा संपर्क कधी होता, अंदाजे चूक किती. सातारा-सांगलीतल्या सहकारी बँकांच्या आणि साखर कारखान्यांच्या सर्व्हरलाही हीच शिस्त हितकारक आहे. खात्यात पैसे आधी जमा झाले की आधी काढले गेले, उसाच्या गाडीचे वजन काट्यावर केव्हा झाले, हे प्रश्न शेवटी वेळेच्या शिक्क्यावरच सुटतात.

दुरुस्ती झाली असे कधी म्हणावे, याचीही कसोटी आहे. फरक एकदा शून्याजवळ आला एवढे पुरेसे नाही. दिवस-रात्रीच्या तापमानाचे काही फेरे, एखादा वीजपुरवठा खंडित होण्याचा प्रसंग आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे, या सगळ्यांतून फरक मर्यादेत राहिला पाहिजे. त्यानंतर तो सतत मोजला जावा आणि मर्यादा ओलांडताच इशारा यावा. भूकंपाच्या जाळ्यात आणखी एक कसोटी पुढच्या हादऱ्यांतून आपोआप होते: वादाती आलेखात त्या केंद्राचा बिंदू पुन्हा रेषेवर आला, की घड्याळ दुरुस्त झाले.